सारखे दवाखान्यात येणारे पेशंट : केसपेपर नीट वाचला तर काय दिसतं?

येरळाकाठ

जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या प्रत्येकाकडे काही पेशंट असे असतात की त्यांचा केसपेपर कधी शोधावा लागत नाही, कायम वरच असतो. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. आज डोकं, परवा पाठ, मग छातीत धडधड, मग "काय कळंना डॉक्टर, पर कसंतरीच हुतंय". हळूहळू स्टाफमध्ये अशा माणसांना नावं पडतात, आणि एकदा नाव पडलं की तपासणाऱ्याचं डोकं चालायचं थांबतं. म्हणून हा धागा. सांगली-साताऱ्याकडचे डॉक्टर, नर्स, मेडिकलवाले, आशाताई, सगळ्यांनी कामाचं लिहा.

सुरुवात मोजण्यापासून करू. दवाखाना बंद असेल त्या दिवशी गेल्या १२ महिन्यांचे केसपेपर काढून बसा. गरोदर बायका, लसीकरण, ड्रेसिंग, कुत्रा चावल्याची इंजेक्शनं, टीबीचा कोर्स आणि बीपी-शुगरच्या ठरलेल्या महिन्याच्या भेटी वजा करा. एवढं करूनही ज्यांच्या भेटी बाराच्या वर जातात, त्यांच्यासाठी एकेक पान घ्या. पानावर पाच रकाने: तारीख आणि वार, तक्रार पेशंटच्याच शब्दांत, सोबत कोण आलं होतं, काय दिलं, आणि त्यानंतर किती दिवसांनी परत आले.

पाचवा रकाना सगळ्यात बोलका. भेटींमधलं अंतर दर वेळी तीनच दिवसांचं असेल तर आधी आपल्या पुड्या बघा. तीन दिवसांचं औषध बांधून दिलं की माणूस चौथ्या दिवशी येणारच. दुखणं त्याला आणत नाही, आपण आणतो. दर सोमवारी सकाळी पोटात जळजळ आणि हाताला थरथर असेल तर दारूचं विचारायला हवं, तेही बायकोपुढे नाही. पगाराच्या किंवा ऊसबिलाच्या सुमारास भेटी वाढत असतील तर त्या माणसाला एरवीही दुखतच असतं, फक्त तेव्हा हातात पैसे असतात.

माणदेशी_पाऊल

बारा हा आकडा कुठून आला? ६५ वर्षांची बाई आणि २५ वर्षांचा पोरगा यांना एकच माप लावायचं का?

येरळाकाठ

बरोबर विचारलंत. बारा ही फक्त मोजायला सोयीची रेघ आहे. अभ्यासांमध्ये बहुतेक वेळा वर्षात सगळ्यात जास्त भेटी देणारे वरचे १० टक्के धरतात. इंग्लंडमधल्या मोठ्या नोंदींत हे १० टक्के लोक एकूण भेटींपैकी साधारण ४० टक्के भेटी घेतात असं दिसलं आहे. तिथली पद्धत वेगळी, माणूस एकाच दवाखान्याशी नोंदलेला असतो. आपल्याकडे सकाळी एक डॉक्टर आणि संध्याकाळी दुसरा, त्यामुळे आपली मोजणी कायम कमीच भरते. वयाचं म्हणाल तर यादी दोन भागांत करा, साठच्या आतले आणि साठच्या वरचे, आणि ज्या त्या गटातले वरचे काढा. नाहीतर यादी सगळी म्हाताऱ्यांचीच होते, आणि नवऱ्याचा मार खाणारी तिशीतली सून त्यात कधी सापडत नाही.

दुसरं म्हणजे, यातले बरेच जण वर्षभराने आपोआप यादीतून बाहेर पडतात. बाळंतपण, घरातला मृत्यू, ऑपरेशन अशा काळात माणूस जास्त येतो आणि पुढे सावरतो. खरं लक्ष द्यायचं ते सलग दोन-तीन वर्षं यादीत राहणाऱ्यांकडे.

औषधांची_पिशवी

मेडिकल काउंटरवरून दिसणारी बाजू मांडतो. असा पेशंट आला की त्याला एकच सांगा: घरातली सगळी औषधं, अर्ध्या स्ट्रिपा, सिरपच्या बाटल्या, आयुर्वेदिक चूर्ण, शेजारणीने दिलेल्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घालून आणा. "चालू असलेलीच आणा" म्हणू नका, मग निम्मी घरीच राहतात. पिशवी टेबलावर उलटी करायची आणि स्ट्रिपेवरच्या मोठ्या नावाकडे न बघता खालच्या बारीक अक्षरांतलं मूळ औषधाचं नाव वाचत ढीग लावायचे. अॅसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलचे तीन कंपन्यांचे तीन ढीग, ग्लिमेपिराइड दोन ठिकाणी, एकदा सुटं आणि एकदा मेटफॉर्मिनबरोबरच्या गोळीत, असं हमखास निघतं. साखरेची गोळी अशी दुप्पट जाते तेव्हा सकाळी अकराच्या सुमारास घाम फुटतो, हात कापतात, धडधडतं. पेशंट ते "बीपी वाढलं" म्हणून येतो, बीपी तपासून परत जातो, आणि साखर कोणी बघत नाही. त्या वेळेला ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा असला की कोडं सुटलं. तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा, आणि डोस दुरुस्त होईपर्यंत घरी पाठवू नका.

यापेक्षा मोठी गडबड साखळीची. एका गोळीचा त्रास नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी, तिच्या त्रासावर तिसरी. कायम दिसणाऱ्या साखळ्या लिहितो.

बीपीच्या अॅमलोडिपीनने घोट्यावर सूज येते. ती किडनीची किंवा हृदयाची समजून लघवीची गोळी सुरू होते. त्या गोळीने रात्री चारदा उठावं लागतं, पायात गोळे येतात, उठताना चक्कर येते. म्हणजे एका सुजेच्या पोटी तीन नव्या तक्रारी. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्याच गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांनी येईल किंवा काही महिन्यांनी, त्यामुळे गोळीशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. कफ सिरप, अँटिबायोटिक, एक्स-रे सगळं होतं. गोळी बदलली की खोकला बहुधा एक ते चार आठवड्यांत थांबतो, क्वचित तीन महिनेही लागतात, आणि हे पेशंटला आधी सांगितलं नाही तर तो चौथ्या दिवशी "अजून हायच की" म्हणत हजर. डोकेदुखीची साधी गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना सर्दीची गोळी दिली की लघवी तुंबते.

थायरॉइडची गोळी हा तर वेगळाच विषय. पहाटे चहाबरोबर गोळी, तासाभरात लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी, आणि मग तक्रार की अंगात त्राणच नाही. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी किमान अर्धा ते एक तास. लोह-कॅल्शियम चार तासांनी. डोस बदलल्यावर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, सहा ते आठ आठवड्यांनी करायची. पंधरा दिवसांत तपासून काही कळत नाही, नुसता खर्च.

सिस्टर_मिरज

सलाईनबद्दल कोणीतरी स्पष्ट लिहायलाच हवं होतं, मी लिहिते. "बाटली लावा, तरतरी येती" हे रोज ऐकायला मिळतं. ५०० मिलीच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, बाकी काही नाही. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभर कॅलरीच्या आसपास, एका चपातीएवढी. आत व्हिटॅमिनचं इंजेक्शन घातलं की बाटली पिवळी दिसते आणि लोकांना तीच भारी वाटते. ज्याला उलटी थांबत नाही, तोंडाने पाणी जात नाही, त्याला सलाईन जीव वाचवतं. चालत आलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही, आणि हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्याला त्याने धाप लागू शकते.

मग बरं का वाटतं? पंख्याखाली तास-दीड तास आडवं व्हायला मिळतं. कुणीतरी मधून मधून येऊन "कसं वाटतंय आता" विचारतं. ज्या बाईला दिवसभर पाठ टेकायला मिळत नाही तिला त्याचीच गरज असते. आणि काही ठिकाणी बाटलीत किंवा सुईतून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जातं. त्याचा असर दीड ते तीन दिवस टिकतो. भूक लागते, दुखणं जातं, उत्साह वाटतो. तो उतरला की माणूस पहिल्यापेक्षा जास्त गळून जातो आणि परत येतो, "तीच सुई द्या" म्हणत. मधुमेह असेल तर मधल्या दिवसांत साखर भडकते. असं स्टेरॉइड कोणी तीन आठवड्यांपेक्षा जास्त रोज घेत असेल तर एकदम बंद करू नका, हळूहळूच कमी करावं लागतं, कारण शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर बनायचं थांबलेलं असतं.

बाटली मागणाऱ्याला नुसतं "नाही" म्हणून चालत नाही. कॉटवर वीस मिनिटं आडवं होऊ द्या, नाडी बघा, ओआरएस करून स्वतःच्या हाताने द्या. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटं पाकीट २०० मिलीत. पाकिटावर लिहिलेलं वाचून दाखवा. अर्धं पाकीट फुलपात्रात टाकून पिणारे खूप, त्याने मीठ जास्त होतं आणि जुलाब वाढतात.

येरळाकाठ

सिस्टर, फार नेमकं लिहिलंत. यात विडालची, म्हणजे टायफॉइडसाठी करतात त्या रक्ततपासणीची, भर घालतो. ताप येऊन गेला, विडाल पॉझिटिव्ह आली, औषध झालं. पुढे थकवा राहिला की परत विडाल, परत पॉझिटिव्ह, "टायफॉइड अजून उतरला न्हाई". ही तपासणी अँटिबॉडी बघते आणि त्या आजार बरा झाल्यावरही महिनोन्महिने रक्तात राहतात. बरं झालं की नाही हे विडालवरून ठरतच नाही. टायफॉइडची खात्री हवी असेल तर पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी. त्यानंतरच्या थकव्यासाठी हिमोग्लोबिन बघा.

द्राक्षबाग_तासगाव

आमच्या पट्ट्यातलं एक कारण केसपेपरवर कधीच येत नाही, कारण कोणी विचारत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात तिथे, हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते अंगात गेलेल्या माणसाने त्या दिवशी किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं, मळमळतं, बीपी उतरतं. कारण हे रसायन शरीरातली दारू पूर्ण मोडू देत नाही, मधला विषारी पदार्थ साठतो. रात्री हा माणूस हार्ट अटॅकच्या भीतीने येतो, ईसीजी नॉर्मल निघतो, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. प्रश्न दोनच: आज पेस्ट लावली का, आणि संध्याकाळी घेतली का. हातमोजे रबराचे हवेत. कापडी हातमोजे ओले झाले की ते रसायन हातालाच धरून ठेवतात. पेस्टचं काम चालू असताना आणि नंतर निदान आठवडाभर दारू नाही, हे मजुरांना कामाला लावतानाच सांगायचं.

डावणी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांच्या फवारणीच्या दिवसांतही डोकेदुखी, डोळ्यांची आग, मळमळ घेऊन येणारे तेच तेच असतात. ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरने फवारताना वारा कुठल्या बाजूचा आहे, तोंडाला नुसता टॉवेल बांधला की मास्क, आणि घरी गेल्यावर फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुतले जातात का, एवढं विचारलं तर निम्म्या सुया वाचतील. कीटकनाशक असेल आणि बाहुली बारीक झालेली, लाळ गळतेय, घाम सुटलाय, छातीत घरघर असेल तर मात्र वेळ घालवू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ बोलवा, आणि औषधाचा डबा सोबत पाठवा. डब्यावरच्या नावावरून उतारा ठरतो.

आशा_कडेगाव

बायकांबद्दल सांगते. ज्या बाया सारख्या येतात त्यांच्यात आधी रक्त बघा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि आठ-नऊवर दिवसभर भांगलण करणाऱ्या बायका कितीतरी असतात. गोळ्या दिल्या जातात पण पोटात जात नाहीत, कारण संडास काळी होते, मळमळतं, आणि "गोळी उष्ण पडली" म्हणून बंद होते. संडास काळी होणारच हे आधी सांगायचं. चहाच्या आधी-नंतर तासभर गोळी नको, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर चांगली. हिमोग्लोबिन नीट झालं तरी पुढे तीन महिने गोळी चालू ठेवायची, नाहीतर साठा होत नाही. माळकरी, म्हणजे शाकाहारी, घरांत व्हिटॅमिन बी-१२ पण बघायला सांगा, मुंग्या, विसरभोळेपणा, जीभ सोलल्यासारखी. त्यात मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी कमी होतं.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. सासू किंवा नवरा कायम सोबत येतो, तोच बोलतो, बाई खाली बघते. दुखणं दर वेळी वेगळं, जखम दंडाला किंवा पाठीला, आणि सांगितलेलं कारण जुळत नाही. अशा वेळी "वजन करायचंय", "लघवी तपासायचीय" असं सांगून तिला एकटीला आत घ्या. विचारायचं ते सरळ आणि हळू आवाजात: "घरात कुणी अंगावर हात टाकतं का?" तिने सांगितलं तर नवऱ्याला बोलावून समजावायला जाऊ नका, त्याचं घरी गेल्यावर तिलाच भोगावं लागतं. महिलांच्या मदतीचा १८१ नंबर तोंडी पाठ करून द्या, कागदावर लिहून दिला तर सापडतो. जखमा केसपेपरवर लांबी-रुंदीसकट लिहा, पुढे तोच कागद उपयोगी पडतो.

सातारकर_समुपदेशक

तपासण्या नॉर्मल आल्या की पेशंटला "काही नाही तुम्हाला, मनाचे खेळ आहेत" म्हणायची पद्धत आहे. हे वाक्य भेटी वाढवतं. त्याला दुखतंय हे खरं असतं. आपण नाही म्हटलं की पुढच्या वेळी तो जास्त मोठं दुखणं सांगतो, किंवा थेट मिरज गाठतो. मिरजेला तर १८९४ पासून, वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केल्यापासून, दूरदूरचे लोक दाखवायला येतात, त्यामुळे पुढचा डॉक्टर कायम हाताशी असतो आणि प्रत्येक जण पहिल्यापासून तपासण्या सुरू करतो.

त्याऐवजी काय घडतंय ते समजावून सांगा. उदाहरणार्थ धडधड, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, गरगरणं एकत्र असेल तर: "भीतीने श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या येतात. हृदय बंद पडत नाही." मग समोर बसवून करून घ्या. चार मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर, पोटावर हात. पाच मिनिटांत मुंग्या कमी झालेल्या त्याला स्वतःला जाणवतात, आणि ती प्रचीती दहा ईसीजींपेक्षा जास्त टिकते. नॉर्मल रिपोर्टचा दिलासा अशा माणसाला थोडेच दिवस पुरतो, नंतर शंका परत येते की मशीनच चुकलं असेल. (ही समजूत घालायची ती तपासल्यानंतर. पन्नाशीच्या पेशंटला पहिल्यांदाच धडधड झाली असेल तर आधी ईसीजी.)

नैराश्य ओळखायला दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही, असं किती दिवस झालं? उदास, निराश, असं किती दिवस वाटलं? दोन्हीला ० ते ३ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्याची पूर्ण प्रश्नावली भरून घ्या. २७ पैकी १० किंवा वर असेल तर उपचाराचा विचार. आपल्याकडे "उदास" हा शब्द सहसा चालत नाही. "जेवण गोड लागतं का?", "भजनाला, शेजारी बसायला जाता का पहिल्यासारखं?", "पहाटे तीनला जाग येते का?" असं विचारा. नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याचा आहे, तो गाळू नका. विचारल्याने तसा विचार मनात घुसत नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, मोफत. सांगली आणि सातारा दोन्ही सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे.

नैराश्याची गोळी सुरू केलीत तर दोन गोष्टी आधीच सांगा: पहिल्या आठवड्यात मळमळ आणि थोडी अस्वस्थता होईल, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील. हे न सांगितल्याने निम्मे लोक आठव्या दिवशी गोळी सोडतात. आणि कृपा करून अल्प्राझोलाम "झोपेसाठी" म्हणून महिनोन्महिने लिहू नका. सवय लागते, म्हातारी माणसं रात्री पडतात. जे आधीच घेत आहेत त्यांची एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात, थोडी थोडी उतरवा.

माणदेशी_पाऊल

काही ठिकाणी अशा पेशंटची फी वाढवतात, किंवा मुद्दाम तासभर बसवून ठेवतात. त्याने गर्दी कमी होते म्हणे.

सिस्टर_मिरज

होते, पण चुकीची माणसं कमी होतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो येत नाही, मग तो खरा आजारी असला तरी. ज्याला भीती आहे तो फी भरून येतोच, किंवा दुसरीकडे जातो आणि सगळ्या तपासण्या नव्याने करून घेतो. आणि बाकड्यावर दीड तास बसवलेला माणूस आत आला की त्या दीड तासाची भरपाई म्हणून चार तक्रारी जास्त सांगतो. महात्मा फुले योजना किंवा सत्तरीवरच्यांचं वय वंदना कार्ड दवाखान्याच्या साध्या फीला चालत नाही, ते ॲडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. हे लोकांना माहीत नसतं. रोजची फी खिशातूनच जाते.

येरळाकाठ

फीपेक्षा तारीख जास्त काम करते. आता धाग्याच्या मुळाशी येतो.

आपण प्रत्येकाला सवयीने म्हणतो, "त्रास झाला तर या." वारंवार येणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ असा होतो की डॉक्टरला भेटायचं तर त्रास व्हायलाच हवा. हे वाक्य बंद करा आणि त्याऐवजी ठरलेली तारीख द्या, दुखो वा न दुखो.

आठवड्यातून दोनदा येणाऱ्याला सुरुवातीला आठवड्याची तारीख. वेळ १० ते १५ मिनिटं, गर्दी नसलेली; सोमवार सकाळ आणि गावचा बाजारचा दिवस सोडून. डॉक्टर एकच, आणि डॉक्टर रजेवर जाणार असेल तर आधी सांगायचं. पहिल्या मिनिटाला विचारा, "आज काय काय सांगायचंय, आधी सगळं मोजून घेऊ." पेशंट बोटं मोजत असताना मध्ये बोलू नका, मिनिट-दीड मिनिटात यादी संपते. मग दोन गोष्टी आजच्या, बाकी पुढच्या तारखेच्या, आणि त्या त्याच्यादेखत केसपेपरवर लिहा. असं केलं नाही तर खरी गोष्ट शेवटी येते, पडद्याला हात लावून: "आणि डॉक्टर, एक विचारायचं राह्यलं..." धाकट्या लेकाचं कर्ज किंवा छातीतली गाठ नेमकी तेव्हाच निघते. तसं झालं तर परत बसवा, बाहेर कितीही गर्दी असो.

प्रत्येक भेटीत दुखतंय तो भाग उघडून, हात लावून तपासायचा. हे गाळायचं नाही. नवं लक्षण किंवा तपासण्यात नवं काही सापडल्याशिवाय नवी रक्ततपासणी, एक्स-रे नाही. दोन-तीन तारखा मधल्या जादा भेटीशिवाय गेल्या की अंतर एक आठवड्याने वाढवा, असं करत महिन्यापर्यंत न्या. घरात मृत्यू, भांडण, ऑपरेशन असं काही झालं की परत जवळची तारीख द्या. मध्येच आले तर रागवू नका, बघा, तपासा, थोडक्यात आटपा आणि म्हणा, "हे आपण गुरुवारी सविस्तर बघू." पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत भेटी कमी होत नाहीत, कधी वाढतातही; पेशंट तारीख खरी आहे का ते बघत असतो. इथेच बहुतेक डॉक्टर सोडून देतात.

पुड्या तीनऐवजी पंधरा किंवा तीस दिवसांच्या. सातारा जिल्हा भारत उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या २५ जिल्ह्यांत होता, तिथे सरकारी केंद्रांत बीपीची ३० दिवसांची औषधं एकदम द्यायची पद्धत बसवली. तेच इथे करायचं. अपवाद एकच: ज्याने जीव द्यायचा विचार बोलून दाखवला आहे त्याच्या हाती महिन्याच्या गोळ्या देऊ नका, घरच्या विश्वासाच्या माणसाकडे आठवड्याच्या द्या आणि मानसोपचाराला पाठवा.

मोठ्या दवाखान्यात पाठवताना चिठ्ठीत तीन ओळी जास्त लिहा: आजवर कुठल्या तपासण्या कधी झाल्या, त्यात काय निघालं, आणि तुम्हाला नेमका कोणता प्रश्न विचारायचा आहे. "फॉर ओपिनियन" एवढंच लिहिलं की तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

औषधांची_पिशवी

हे सगळं मान्य, पण सारखा येणाराही एक दिवस खरा आजारी पडतो, आणि तेव्हा सगळ्यांना वाटतं नेहमीचंच आहे.

येरळाकाठ

म्हणूनच तपासणं गाळायचं नाही म्हटलं. शिवाय पेशंटचं वजन प्रत्येक भेटीत, एकाच काट्यावर, चपला काढून. सहा महिन्यांत न ठरवता ५ टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलो, तर ते नेहमीचं नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्रात, मोफत होतो. संडासवाटे रक्त, गिळताना अडकणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली नव्या जातीची डोकेदुखी, चालताना छाती भरून येऊन थांबल्यावर कमी होणं, रात्रीचा घाम आणि ताप, झोपेतून उठवणारी पाठदुखी. यातलं काही आलं की नेहमीचा पेशंट हा शब्द विसरायचा. आणि पेशंट जेव्हा म्हणतो "ह्या टायमाला येगळंच हाय", तेव्हा त्याचं ऐका. इतक्या वेळा आलेल्या माणसाला आपलं रोजचं दुखणं आपल्यापेक्षा चांगलं ओळखता येतं.

कराडची_लेक

आई-वडील गावी, मुलं पुण्या-मुंबईला, अशा घरांसाठी काय करता येईल? बीपीच्या मशीनवर दिवसाला दहादा बीपी बघून दवाखान्यात जाणारे वडील खूप घरांत आहेत.

सिस्टर_मिरज

ताई, मशीन काढून घेऊ नका, वही द्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो, पट्टा दंडाच्या मापाचा घ्या. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस, पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर मशीन कपाटात, आणि पुढच्या तारखेच्या आधीचा आठवडाच परत मोजायचं. मध्ये कधी १८०/१२० दिसलं तर पाच मिनिटं बसून परत मोजा. तेवढंच आलं आणि छातीत दुखतंय, धाप, बोलताना जीभ अडखळते किंवा एक बाजू लुळी वाटते, तर १०८.

फोनचंही तसंच करा. दुखल्यावर फोन, असं असेल तर दुखणं वाढतं. रोज ठरलेल्या वेळी, समजा रात्री साडेआठला, दहा मिनिटं, आणि पहिला प्रश्न बीपीचा नको. पाऊस, म्हैस, शेजारपाजार, काहीही विचारा. बोलायला जवळ कोणीच नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत नंबर आहे. आणि डॉक्टरांना एकदा स्वतः भेटून सांगा की मुलांपैकी कोणाला फोन करायचा. चार भावंडांनी चार वेळा फोन केला तर डॉक्टर चार वेळा वेगळं सांगतात.

कराडची_लेक

धन्यवाद सिस्टर. ठरलेल्या तारखेसाठी घरी ठेवायला एखादं कार्ड केलं तर त्यावर नेमकं काय लिहून घ्यावं डॉक्टरांकडून?

येरळाकाठ

पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा, गोळ्यांच्या डब्यात ठेवता येईल असा. वर नाव, वय, चालू गोळ्या मूळ नावाने आणि डोससह, कशाची ॲलर्जी. खाली पुढची तारीख, वार आणि वेळ मोठ्या अक्षरांत. त्याखाली, "या गोष्टी झाल्या तर तारखेची वाट न बघता या," म्हणून त्या माणसाला लागू पडणारी तीन-चारच लक्षणं, त्याच्याच भाषेत. मागच्या बाजूला मोकळ्या रेघा, "पुढच्या वेळी सांगायचं" असं वर लिहून. रात्री दोनला काही आठवलं की तिथे लिहायचं, लिहिता येत नसेल तर नातवाकडून. येताना कार्ड आणायचं, आणि डॉक्टरने ती मागची बाजू आधी वाचायची, स्टेथोस्कोप कानाला लावायच्या आधी.